आक्काताईचा डोळा आणि महाराजांचा घास

आमच्या मंडळीला अख्खं गाव आक्काताई म्हनतं. मीबी चारचौघांत आक्काताईच म्हनतो, घरात नुसत्या ‘आगं’वर भागतं. मी धन्यकुमार. सांगलीपासनं अर्ध्या तासावर, कृष्णाकाठी आमचा ऊस हाय, थोडी हळद हाय, आन् माझ्याबद्दल सांगन्यासारखं तेवढंच. तिच्याबद्दल सांगायला बसलो तर तुमचा चहा गार व्हईल. व्हऊ द्या. मी सांगनार.

आमी जैन. आमच्यात धान्य निवडायचं म्हंजे नुसतं खडं काढायचं न्हवं, जीव काढायचा. किडा असू दे, अळी असू दे, जिवंत काई चुलीवर जाता कामा न्हाई. आक्काताई सूप घेऊन बसली की डोळ्यात तेल घालून बसायची. सापडलेला किडा चिमटीत न धरता कागदाच्या टोकावर घ्यायची आन् परसात सावलीला सोडून यायची, पावन्याला एसटीत बसवून आल्यागत. चातुर्मासात गावात मुनीमहाराज मुक्कामाला असले, की ज्या घरी त्यांचा आहार व्हायचा त्या घरचं निवडलेलं धान्य आदल्या दिवशी आमच्याकडं यायचं. शेजारची चंद्राबाई तर उंबऱ्यातनंच सूप पुढं करायची, “आक्काताई, जरा नजर टाका.” हिनं नजर टाकून सूप खाली ठेवलं की विषय संपला. ह्यात माझं कर्तृत्व शून्य, तरी मी ओसरीवर ताठ बसायचो. बायकोची अब्रू नवऱ्याला फुकट मिळते, ती सोडायची कशाला?

आता आहार म्हंजे काय ते सांगतो, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. महाराज दिवसातनं एकदाच जेवतात, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत. पानीसुद्धा तवाच. आपन एकेक घास त्या ओंजळीत ठेवायचा. त्याआधी घरच्यांनी हात जोडून म्हनायचं, मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-पानी शुद्ध. घासात केस निघाला, न्हाईतर मेलेला जीव दिसला, की अंतराय झाला. महाराज ओंजळ सोडतात, खाली बसतात, आन् दुसऱ्या दिवसापर्यंत पान्याचा थेंब न्हाई. रागवत न्हाईत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं वाटतं मानसाला.

ह्या श्रावनात ते आमच्या घरी झालं. महाराज तरनेताठे, आदल्या दिवशी चतुर्दशीचा उपास केलेले. दोन घोट पानी झालं, मग दूधभाताचा घास, आक्काताईच्या हातचा. महाराजांनी ओंजळीकडं बघितलं आन् हात मोकळे सोडले. पांढऱ्या भातात पांढरा केस व्हता, हिच्याच पदराखालनं सुटलेला. महाराज थोडा वेळ बसले, मग कमंडलू उचलून मंदिराकडं गेले. उन्हातनं, तसेच उपाशी.

समदी पांगल्यावर खाली पडलेला तो घास मी वाटीत घेऊन तिच्यापुढं धरला. “बघ की हे,” म्हनलं.

“कुठं?” म्हनली.

मी बोट लावून दाखवलं. ती वाटीवर वाकली, वाटी उजेडाकडं नेली, परत वाकली. “कुठं, आवं?”

सुपातली मोहरीएवढी अळी हेरनारी बाई, आन् तिला बोटाजवळचा केस दिसंना.

“कवापासनं हाय हे?” मी इचारलं.

“पाडव्यापासनं. धुकं पडल्यागत दिसतंय.”

“आन् गावाचं धान्य?”

“बोटानं चाचपून निवडत व्हते,” म्हनली आन् पदर तोंडाला लावून आत गेली.

त्या दिवशी आमच्यात कुनीच जेवलं न्हाई. गावात कुनी वाकडा शब्द काढला न्हाई, खोटं कशाला बोलू. पन धान्य यायचं बंद झालं. एका दुपारी चंद्राबाई पदराखाली सूप झाकून आमच्या दारावरनं पुढच्या आळीला गेली. आक्काताई दारातच बसलेली, तिला दिसलं न्हाई. मला दिसलं. तळपायाची आग मस्तकात गेली, पन बोलनार काय? चूक तर आमच्याच घरची.

रात्री म्हनली, “महाराज दिवाळी झाली की इथनं हलनार. त्याच्या आत एकदा माझ्या हातनं त्यांचा आहार नीट पार पडायला पायजे. न्हाईतर ‘आहार शुद्ध’ म्हनायला मला तोंड न्हाई. दिसत नसताना शुद्ध म्हनायचं म्हंजे खोटं बोलनंच की.”

“मग डोळं दाखवू,” मी म्हनलं. एरवी दवाखान्याचं नाव काढलं की ती माझ्या अंगावर यायची. त्या रात्री नुसती ‘व्हय’ म्हनली.

आमच्या अतिशयनं, म्हंजे पोरानं, पुन्याहून फोनवर सांगितलं की ऑपरेशन लागलं तर लेझरनंच करायचं. सांगलीच्या दवाखान्यात संयोगिता म्हनून डॉक्टरीन हाय, पाटणकडची, बाप फौजेतला. बोलनं मऊ, पन पाठीचा कना बघा, परेडला उभी असल्यागत. तिनं यंत्रावर हनुवटी टेकवून आक्काताईचा डोळा मोजला आन् म्हनाली, “आज्जी, मोतीबिंदू चांगलाच पिकलाय. आपल्या डोळ्यातली मूळची लेन्स गढूळ होते, तिलाच मोतीबिंदू म्हणायचं. ती काढून त्याच जागी नवी, घडी घालून आत सरकवायची. लेझर काय करतो, तर पहिला बारीक छेद देतो आणि आतल्या कडक लेन्सचे तुकडे करून देतो. पुढचं काम माझ्या हातचं. साध्या ऑपरेशननंही चांगलं दिसतं, लेझर म्हणजे जादू नाही. पण तुमचा मोतीबिंदू कडक आहे, तुकडे आधीच झाले तर डोळ्याला त्रास कमी.”

मला ती बाई तिथंच आवडली. आपल्या मालाची फाजील तारीफ न करनारा मानूस मला आवडतो.

आक्काताईनं इचारलं, “नवी लेन्स कशाची असते? कुठल्या जनावराच्या डोळ्याची तर न्हवं?”

“नाही आज्जी. एका प्रकारचं प्लास्टिकच.”

“मग घाला.”

“पण कुठली घालायची ते तुम्ही सांगायचं. साधी लेन्स एकाच अंतराचं स्वच्छ दाखवते. बहुतेक जण लांबचं मागतात, वाचायला मग चष्मा लागतो. दुसरी एक मिळते, ती लांबचं-जवळचं दोन्ही दाखवते, पण काहींना रात्री दिव्याभोवती कडी दिसतात आणि कमी उजेडात बारीक वस्तू जरा फिक्या वाटतात. तुम्ही दिवसभर करता काय?”

“धान्य निवडते.”

फोनवर आमचा अतिशय व्हताच. “आई, लांबचं घे. टीव्ही दिसंल, रस्त्यातली मानसं वळखू येतील.”

“टीव्हीतलं किडं काढायचं न्हाईत मला,” ही म्हनली. “आन् मानसं आवाजावरनं कळतात. डॉक्टर, मला सुपातलं दिसू द्या.”

डॉक्टर म्हनाली, “जवळच्याला चष्मा लावला तर चालणार नाही?”

“वाकलं की चष्मा नाकावरनं घसरतो. वाफेनं धुरकटतो. आन् घास देताना महाराजांच्या ओंजळीत पडला म्हंजे?”

डॉक्टर हसली न्हाई. तिनं नर्सला एक ट्रे आनायला लावला. आक्काताईला खाली फरशीवर मांडी घालून बसवलं, ट्रे हातात दिला आन् म्हनाली, “रोज धरता तसा धरा.” मग टेप घेऊन डोळ्यापासनं ट्रेपर्यंतचं अंतर मोजलं. अख्खा दवाखाना बघत व्हता. “ह्या अंतराची लेन्स बसवू,” म्हनाली, “लांबच्याला चष्मा. आजवर कुणी सुपाचं अंतर मागितलं नव्हतं माझ्याकडे.” मी आजूबाजूला बघितलं. म्हनलं बघा, कुनाची बायको हाय ती.

पर्युषन झाल्याशिवाय ही बाई हलनार न्हवती, तवा ऑपरेशन अनंत चतुर्दशी झाल्यावर ठरलं. सकाळचीच वेळ मागून घेतली, कारन दिवस मावळल्यावर ती पान्याचा घोटबी घेत न्हाई, आन् सांजच्या आत घरी पोचून जेवायला पायजे. लग्न झाल्यापासनंचा नेम. एकदा तापानं फनफनली व्हती तवासुद्धा रात्री औषधाची गोळी घेतली न्हाई.

मला बाहेर बसवलं, तवा आतलं तिनं सांगितलं तेच सांगतो. आधी थेंबावर थेंब घालून डोळ्याची भावली मोठी केली. सुई न्हाई, भूल थेंबाचीच. मग यंत्राखाली आडवं केलं आन् डोळ्यावर वाटी दाबून बसवल्यागत दाब आला. “दुखलं न्हाई, पन दाब लय,” म्हनली. दिव्याचे ठिपके दिसले, डॉक्टर म्हनाली हलू नका, आन् श्वास मोजेपर्यंत लेझरचं काम संपलं. मग दुसऱ्या टेबलावर. तोंडावर कापड, वर भगभगीत उजेड, कानाशी यंत्राची गुनगुन, डोळ्यावर गार पानी. तुकडं ओढून काढलं, नवी लेन्स आत सरकली आन् तिथंच उलगडली. टाका न्हाई. मी बाहेर नवकार म्हनत व्हतो, माझी माळबी पुरी झाली न्हाई तोवर दार उघडलं.

डॉक्टर बाहेर येऊन म्हनाली, “आजोबा, इतके स्थिर पेशंट मी फार कमी बघितलेत. पापणीसुद्धा थरथरली नाही.”

“रोज सामायिकाला, म्हंजे ध्यानाला बसते ती,” मी म्हनलं. “एका जागी, न हलता. तुमच्या मशिनीलाच हलू नको म्हनून सांगायचं.”

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची जाळीची वाटी काढली. आक्काताईनं पयला आपला तळहात बघितला, लय वेळ. मग माझ्या सदऱ्याकडं वळली, कॉलर बोटात धरून जवळ घेतली. “हा पांढरा हाय व्हय?” म्हनली. “आवं, पिवळा पडलाय पार. असं घालून तुमी मंदिरात जात व्हता?” नर्सा हसाय लागल्या. माझा जीव भांड्यात पडला. बोलनी खाऊन एवढा आनंद मला आयुष्यात झाला न्हवता.

डॉक्टरनं सांगितलं, डोळ्यात पानी जाऊ द्यायचं न्हाई, डोक्यावरनं अंघोळ न्हाई, वाकायचं न्हाई, ओझं न्हाई, चुलीचा धूर न्हाई. आन् थेंब. दिवसातनं कितीतरी वेळा, रात्री झोपतानासुद्धा. दिवसाचं थेंब आमची सून राजेश्वरी घालायची. रात्रीचं आक्काताई म्हनली, “माझं मी घालते, तू पडून ऱ्हा.” आमाला काय, शहानी बाई हाय, घालत असंल.

चौथ्या दिवशी डोळा लालभडक. पानी गळतंय, उजेड सोसंना. “काई न्हाई, जागरन झालंय,” म्हनली. मी तशीच गाडीत घातली, राजेश्वरीला संगं घेतलं आन् सांगली गाठली.

डॉक्टरनं दिव्याखाली डोळा बघितला आन् तिचा चेहरा बदलला. “आज्जी, आत सूज आली आहे. थेंब वेळेवर घालता?”

“घालते.”

“रात्रीचे?”

आक्काताई पदराचं टोक बोटाला गुंडाळाय लागली. मी म्हनलं, “आगं, बोल की.” राजेश्वरी तिच्याकडं बघाय लागली. मग आक्काताई खाली मान घालून म्हनली, “रात्रीचं न्हाई घालत. पयल्याच दिवशी थेंब घातला आन् घशात कडू आलं. डोळ्यात घातलेलं घशात उतरतंय. दिवस मावळल्यावर मी घशाखाली काई घेत न्हाई.”

माझा तोल गेला. सगळ्या पेशंटांदेखत मी वरडलो, “डोळा जाईल की गं बाई. एवढं समदं केलं कशासाठी? कुनाला इचारायचं तरी. मला इचारायचं, मंदिरात इचारायचं.”

“समदी मला इचारतात,” ती म्हनली. “मी कुनाला इचारू?” आन् मग तिनं मान वर केली. डोळ्यातनं पानी वाहत व्हतं, पन आवाज ताठ. “नेम मोडून मिळवलेल्या नजरेनं मी महाराजांच्या हातात घास ठेवू? ते शुद्ध कसं म्हनू मी?”

मला राग व्हता, आन् त्याच रागाच्या खाली अशी बाई माझ्या घरात हाय म्हनून छाती भरून येत व्हती. दोन्ही एकदम. कुनाला सांगून खरं वाटायचं न्हाई.

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. “आज्जी, आणखी दोन दिवस गेले असते तर मी घाबरले असते. आत्ता घाबरत नाही. पण सूज जाईपर्यंत रात्रीचा थेंब पाहिजेच. तुमचं म्हणणं बरोबर आहे, डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात बारीक वाट असते, तिथून थेंब घशात उतरतो. मग आपण ती वाट बंद ठेवू.” तिनं थेंब घातला, आक्काताईला डोळा मिटायला लावला, आन् तिचंच बोट घेऊन डोळ्यावर न दाबता, नाकाच्या बाजूला, कोपऱ्यातल्या हाडावर हलकं टेकवलं. “दोन-तीन मिनिटं धरा. थेंब डोळ्यातच जिरतो.”

आक्काताई बोट धरून बसली. आमी सगळी तिच्या घशाकडं बघत. लय वेळानं तिनं बोट काढलं, आवंढा गिळला, जीभ टाळूला लावून बघितली.

“कडू आलं न्हाई,” म्हनली.

“मग रात्री घालणार?”

“डोळ्यातलं डोळ्यात ऱ्हायलं, ते खाल्लं कसं म्हनायचं? घालीन.”

आन् घातलं. रोज रात्री अंथरुनावर बसून, बोट नाकाशी धरून, नवकार म्हनत. मी समोर बसायचो, पहारा म्हना न्हाईतर काई म्हना. सूज उतरली, लाली गेली. दसरा झाल्यावर डॉक्टरनं डोक्यावरनं अंघोळीला आन् चुलीला परवानगी दिली. दुसरा डोळा पुढं बघू म्हनाली. त्या दिवशी घरी येऊन हिनं पयलं काम केलं ते सूप काढलं. राजेश्वरीनं निवडलेल्या तांदळातनं तीन किडं काढलं आन् परसात सोडून आली. राजेश्वरी बिचारी कपाळाला हात लावून हसली.

दिवाळी तोंडावर आली. आक्काताईनं आहाराची तयारी मांडायला सुरवात केली. रोज पहाटे अंघोळ, धुतलेलं लुगडं, डोक्याला घट्ट पदर, विहिरीचं पानी गाळून घ्यायचं, पदार्थ करायचं, आन् आमी दोघं दारात उभं. पन महाराज सकाळी मनात एक अट धरून निघतात. कुठल्या दारात जोडपं असलं, कुनाच्या हातात नारळ असला, असं काईतरी. ती अट जुळली तरच थांबतात, आन् ती कुनाला सांगत न्हाईत. एक दिवस महाराज आमच्या दारावरनं पुढं गेले. दुसऱ्या दिवशीबी गेले. ती ‘नमोस्तु’ म्हनायची, ते जायचे, ती केलेला सैपाक आमाला वाढायची आन् उद्याचे तांदूळ निवडायला बसायची. दिवाळी उरकली. सकाळी महाराज जानार असं कळलं आन् माझं अवसान गळालं. हिचं न्हाई गळालं.

जायच्या दिवशी सकाळी महाराज गल्लीत आले. आमी दोघं दारात, तिच्या हातात कलश, माझ्या हातात नारळ. महाराज थांबले.

आमी महाराजांना हात जोडले. आत नेलं, पाय धुतलं. निरोप द्यायला आजूबाजूच्या गावची मानसं आलेली, घर गच्च. चंद्राबाई पुढंच उभी. हात जोडून आक्काताई म्हनली, “मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-पानी शुद्ध.” एक अक्षर अडखळलं न्हाई.

पानी झालं. दूधभात झाला, तिच्याच हातचा. देन्याआधी प्रत्येक घास तिनं वाटीत पसरून बघितला. भाकरी झाली, दुधी झाला. मग तिनं मला खुनावलं, तुमीबी द्या. मी डाळिंबाच्या दान्यांची वाटी घेतली, चमचा भरला आन् ओंजळीवर नेला.

तिनं माझं मनगट धरलं.

घट्ट. पन्नास मानसांसमोर. चमचा ओंजळीपासनं वीतभर लांब. मी चमच्यात बघितलं, मला लाल दानं सोडून काई दिसंना. महाराज तसेच उभे, ओंजळ पुढं. आक्काताईनं ताटाशेजारची एक धुतलेली काडी घेतली, दान्यांच्या मधे सारली, आन् काडीच्या टोकावर एक बारकी लाल मुंगी चढून आली. चालत व्हती. जिवंत. तिनं ती काडी राजेश्वरीकडं दिली, “सावलीला सोड,” एवढंच म्हनली. तो चमचा बाजूला ठेवला, दुसऱ्या वाटीतलं दानं पसरून बघितलं आन् चमचा भरून परत माझ्याच हातात दिला.

“आता द्या,” म्हनली.

मी दिलं. महाराजांनी घेतलं. मग आनखी घेतलं, पोटभर घेतलं, शेवटचं पानी घेतलं, ओंजळ मिटली आन् आशीर्वादाला हात वर केला. आमच्या घरी आहार पार पडला. निरोपाच्या गडबडीत चंद्राबाईला मी डोळं पुसताना बघितलं.

सगळी मंदिराकडं निघाल्यावर आक्काताई माझ्याजवळ आली. मला वाटलं आता रडंल, मी रुमालबी काढला. ती माझ्या डोळ्यात बघाय लागली, इकडनं एकदा, तिकडनं एकदा, सुपात बघितल्यागत.

“तुमच्यातबी पिकलाय मोतीबिंदू,” म्हनली. “सोमवारी सांगलीला जाऊ.”

ज्या नवऱ्याचा हात बायकोनं भर गर्दीत धरला, त्याला लाज वाटायला पायजे म्हनतात. मी महाराजांना गावाच्या शिवेपर्यंत पोचवून आलो आन् वाटेत जो भेटंल त्याला ते मनगट दाखवत आलो.